भाड्याच्या खोलीतली मुलगी

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळात बी. ए. झालेल्या भगिनी आहेत, दोघी तर शाळेत शिकवतात. माझी शाळा सातवीला सुटली. तेव्हा मी काही व्याख्यान देणार नाही. जे डोळ्यांनी पाहिले आणि जाणत्या माणसांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजून घेतले, तेवढेच सांगते. उणेअधिक वाटले तर पदरात घ्यावे.

विषय सर्वांना ठाऊक आहे. आपली वस्ती पुणे विद्यापीठापासून हाकेच्या अंतरावर. घराआड एक खोली मुलींना दिलेली, नाहीतर कोणी डबे देते, कोणी दोन्ही करते. गेल्या महिन्यात एका घरातल्या मुलीच्या हातावर ब्लेडच्या खुणा दिसल्या आणि दोन दिवसांत तिला खोली सोडायला सांगण्यात आले. नंतरच्या सभेत सूचना आली, की यापुढे मुलगी ठेवताना चौकशी करावी आणि 'डोक्याने हलकी' दिसली तर कोणीच तिला जागा देऊ नये. त्या सूचनेवर आज मत घ्यायचे आहे. मत घेण्यापूर्वी मला थोडा वेळ द्या एवढीच माझी विनंती होती. अध्यक्षबाईंनी ती मानली, त्यांचे आभार.

माझ्याकडे गेली बारा वर्षे मुली राहतात. त्यांतली एक अशीच होती. तिचे नाव, गाव, शिकण्याचा विषय मी सांगणार नाही. तिला विचारून बोलते आहे, एवढे मात्र सांगते. तिच्यासोबत मी कॉलेजच्या समुपदेशक बाईंकडे आणि पुढे मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे जात असे, कारण तिची आई मराठवाड्यात, रोजंदारीवर. आई येणार कशी आणि किती वेळा?

डॉक्टरांनी जे नाव सांगितले ते इंग्रजी आहे, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी. मी विचारले, बॉर्डर कसली? तर म्हणाले, जुन्या डॉक्टरांना वाटे की ही माणसे दोन जातींच्या आजारांच्या सीमेवर उभी आहेत. स्टर्न नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९३८ साली हा शब्द वापरला, १९८० मध्ये तिकडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तकात तो रीतसर आला. सीमेची ती समजूत आता मागे पडली, नाव तेवढे राहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या यादीत याच दुखण्याला 'भावनांची अस्थिरता' अशा अर्थाचे नाव होते. मला तेच बरे वाटते. ऐकल्याबरोबर कळते तरी.

आता हे दिसते कसे? सोमवारी मी तिची आईहून आई. "काकू, तुमच्यासारखं माझं कोणीच नाही." गुरुवारी साताऱ्याला चुलतभावाच्या मुलीचे लग्न म्हणून मी पहाटे निघाले. डबा शेजारच्या वहिनींकडे देऊन ठेवला होता. संध्याकाळी परत येते तो हिने पेटी भरलेली. "तुम्ही मला टाकलंत. सगळे टाकतातच." एका दिवसाचे लग्न ते! पण तिच्या लेखी ते एक दिवसाचे नव्हते. कोणी आपल्याला सोडून जाईल हे भय अशा मुलीच्या मनात इतके खोल असते, की दार लागल्याचा आवाजही तिला निरोपासारखा वाटतो. त्या भयापोटी ती भांडते, वीस वेळा फोन करते, नाहीतर दुसऱ्याने सोडण्याआधी आपणच सोडून जाते. शिवाय राग लवकर चढतो आणि लवकर उतरत नाही. आत पोकळ पोकळ वाटते. आपण कोण, आपल्याला काय आवडते, हेच तिला पक्के सांगता येत नाही. या सत्रात एक विषय, पुढच्या सत्रात दुसरा. हाती पैसे आले की एका दिवसात उडवायचे आणि मग महिनाभर डब्याचे पैसे द्यायला तोंड चुकवायचे.

हे ऐकताना तुमच्यापैकी पाचदहा जणींना आपल्या घरचे कोणी आठवले असेल. म्हणून लगेच सांगते, अशी एकदोन लक्षणे पुष्कळ तरुण मुलामुलींत असतात. घर सुटलेले, परीक्षा डोक्यावर, प्रेमाचे धागे जुळायचे आणि तुटायचे तेच वय. डॉक्टरांच्या पुस्तकात नऊ लक्षणे दिली आहेत. त्यांतली निदान पाच असावीत, ती बराच काळ आणि सगळीकडेच दिसावीत, तेव्हा ते आजाराचे नाव देतात. तेही त्यांनी द्यायचे. आपण हळदीकुंकवाच्या बैठकीत कोणाच्या सुनेला ते चिकटवायचे नाही. आणि हे दुखणे बायकांचेच आहे असेही नाही. मुलग्यांतही असते. मुलगा भिंतीवर हात आपटतो, मारामारी करतो, म्हणून तो मवाली ठरतो आणि डॉक्टरपर्यंत पोचतच नाही.

गेल्या सभेत एक शब्द फार वेळा आला, 'नाटक'. त्याबद्दल मला जरा जास्त बोलायचे आहे. नाटक करणाऱ्याला प्रेक्षक लागतात. ही मुलगी भर मे महिन्यात पुऱ्या बाह्यांचे कपडे घालून माझ्या स्वयंपाकघरात बसायची. घामाने निथळायची, पण बाही वर करायची नाही. कोणाला दाखवायचे असते तर तिने झाकले कशाला असते? मी एकदा तिला सरळ विचारले, की का ग करतेस? ती म्हणाली, आत इतके उकळते की हातावर दुखले म्हणजे तेवढा वेळ आतले थांबते. समुपदेशक बाईंनीही तेच सांगितले. पुष्कळ जण असे करतात ते मरण्यासाठी नव्हे, त्या क्षणाची आग सोसण्यासाठी. पण म्हणून ते हलके घ्यायचे नाही. अशा मुलांच्या जिवाला धोका इतरांपेक्षा खरोखरच जास्त असतो. २०२२ साली आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे आणि त्यांत सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा आहे. त्या सर्वांना हेच दुखणे होते असे मुळीच नाही. पण 'नाटक' म्हणून कितीजणांचे बोलणे कोणी ऐकून घेतले नसेल, असे माझ्या मनात येते.

आणखी एक गोष्ट. एका इस्पितळात तिची जखम शिवताना तिथल्या माणसाने सर्वांदेखत म्हटले, "लक्ष वेधून घ्यायची हौस आहे." मी तिथे उभी होते. मी म्हटले, भूक लागलेले मूल रडते तेव्हा तेही लक्षच वेधून घेते, त्याला आपण दूध पाजतो. त्यावर ते गृहस्थ काही बोलले नाहीत. टाके मात्र नीट घातले.

हे दुखणे येते कुठून? एकच कारण नाही. काहींचा पिंडच जन्मतः हळवा. त्यात लहानपणी मारझोड, घाणेरडे प्रसंग, आईवडिलांची ताटातूट असे काही वाट्याला आलेले पुष्कळांत आढळते, सर्वांत नाही. आणि तिसरे कारण ऐकून मी दचकले, कारण ते घरोघरी आहे. मूल रडले की "रडायला काय झालं?", भ्याले की "भित्री कुठली", रागावले की "उलटं बोलतेस?" असे म्हणायचे. हळव्या मुलाला वर्षानुवर्षे हेच ऐकवले, तर आपल्याला आत जे वाटते ते खरे की खोटे हेच त्याला उमजेनासे होते. मग हळू बोलून कोणी ऐकत नाही म्हणून ते किंचाळायला शिकते.

हे सांगणाऱ्या बाईंची गोष्ट तुम्ही ऐकायलाच हवी. त्यांचे नाव मार्शा लिनेहान, अमेरिकेतल्या सिएटलच्या विद्यापीठात त्या प्राध्यापक होत्या. अशा मुलींसाठी त्यांनी एक उपचार बसवला. डी. बी. टी. म्हणतात त्याला. १९९१ मध्ये त्याचा गुण येतो हे त्यांनी प्रयोगाने दाखवले आणि पुढे देशोदेशी तो गेला. त्या म्हणत, की भाजून कातडी सोललेल्या माणसाला नुसता वाराही झोंबतो, तसे या माणसांच्या मनाचे असते. जगाला वाटे, काय विद्वान बाई! मग २०११ साली वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी चारचौघांत सांगितले, की १९६१ मध्ये, अठरा वर्षेही पुरी नसताना, मला मनोरुग्णालयात ठेवले होते. दोन वर्षांहून जास्त मी तिथे होते, मीच माझे हात जाळून-कापून घेत होते. आणि हे त्यांनी सांगितले कुठे? त्याच रुग्णालयात जाऊन. ही हकिकत मी त्या मुलीला सांगितली तेव्हा ती कितीतरी वेळ पोळपाटाकडे बघत बसली. मग म्हणाली, "म्हणजे ती प्रोफेसर झाली?" मी म्हटले, झाली.

त्यांच्या उपचाराचे मर्म मला समजले ते असे. "तू आहेस तशी मला मान्य आहेस" आणि "तुला बदलायलाही हवे" ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी मानायची. आपण बायका एका वेळी एकच बोलतो. एकतर लाड, नाहीतर उपदेश. हा उपचार म्हणजे शिकवणीच असते. मन एका जागी कसे ठेवावे, भावना उसळली तर हात न उगारता ती कशी ओसरू द्यावी, भावनेला नाव कसे द्यावे आणि दुसऱ्याकडे न भांडता मागावे कसे, ही चार कामे शिकवतात. पहिले काम लिनेहानबाईंनी झेन बौद्धांच्या ध्यानावरून घेतले. गार पाण्यात चेहरा बुडवला की छातीतली धडधड कमी होते, असले साधे उपायही त्यात आहेत. हृदयाचे दुखणे असणाऱ्याने मात्र तो करू नये. या मुलीचा गार पाण्याचा तसराळा माझ्या फ्रिजमध्ये कायम असे. गोळ्यांचे म्हणाल, तर खास याच दुखण्याची अशी गोळी नाही. सोबत उदासी वा झोपेचा त्रास असेल तर डॉक्टर त्यासाठी देतात. मुख्य औषध म्हणजे बोलणे आणि शिकणे.

तिच्या आईने फोनवर सांगितले, बाहेरचे झाले आहे, देवऋष्याकडे न्यायचे आहे. मी म्हटले, वहिनी, अंगारा लावायचा तर लावा, पण डॉक्टरांची वार चुकवू नका. आईने ऐकले. आईला दुखवून तिला बरे करता आले नसते.

आता आपल्या विषयाच्या गाभ्याकडे येते. 'बरे वाटणे' म्हणजे काय? कापणे थांबले की झाले बरे? मी समुपदेशक बाईंना हेच विचारले. त्यांनी कॅरल रिफ नावाच्या अमेरिकन विदुषीचे सांगितले. या बाईंनी १९८९ मध्ये मांडले, की माणसाचे मन सुस्थितीत आहे हे सहा गोष्टींवरून पाहावे. स्वतःला स्वतः पटणे, जिव्हाळ्याची माणसे असणे, आपले आपण ठरवता येणे, भोवतालचा पसारा सांभाळता येणे, जगण्याला काही हेतू असणे आणि आपली वाढ चालू आहे असे वाटणे. नुसते दुःख नसणे यात कुठेच नाही, हे लक्षात घ्या.

त्यांतला चौथा, पसारा सांभाळण्याचा, मला स्वयंपाकघरामुळे चटकन पटला. ही मुलगी हुशार. पण परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख जायची, कपडे भिजत घातलेले तसेच वास मारायचे, रात्रभर जागून सकाळची प्रॅक्टिकल बुडायची. मग "मी कशालाच लायक नाही" असे म्हणून ती आणखी खचायची. आम्ही एक वही घातली. तीत फक्त उद्याची तीन कामे. शनिवारी ती माझ्यासोबत मंडईत यायची आणि भाजीचा हिशेब तिच्याकडे असायचा. पहिल्या महिन्यात हिशेब दोनदा चुकला, पुढे मीच तिला विचारू लागले. घरात आपल्यावाचून एखादे काम अडते, हे तिला औषधापेक्षा कमी लागू पडले असे मला वाटत नाही. डॉक्टर हसतील कदाचित.

पण हे नुसते माझे वाटणे नाही. बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झानारिनी या बाईंनी १९९२ पासून या दुखण्याच्या २९० रुग्णांची वर्षानुवर्षे विचारपूस केली. दहा वर्षांत दर दहांतल्या नऊजणांची लक्षणे निदान दोन वर्षे तरी आटोक्यात राहिली. म्हणजे हा जन्माचा शिक्का नव्हे. मात्र लक्षणेही गेली आणि नोकरी वा शिक्षण व माणसांशी नातेही नीट सावरले, असे निम्मेच निघाले. या दोन आकड्यांतले अंतर मला फार बोलके वाटते. उपचाराने लक्षणे उतरतात. पुढचे, म्हणजे चार माणसांत बसणे, कामावर टिकणे, कोणाच्या घरी हक्काने चहा पिणे, हे दवाखान्यात कसे मिळणार? ते गल्लीतच मिळायचे. आणि आपण म्हणतो, गल्लीतच ठेवू नका.

कोणी विचारील, मग काय चोवीस तास पहारा करायचा? मुळीच नाही. इथे मी कडक आहे. पहिल्या वर्षी ती रात्री दोनला दार वाजवायची. मी तिला सांगितले, रात्री दहापर्यंत मी तुझी, दहानंतर माझ्या घरची. जिवावर बेतेल असे वाटले तर मात्र केव्हाही उठव. आणि ते मी पाळले, तिनेही बहुतेक पाळले. समुपदेशक बाई म्हणाल्या, बरोबर केलेत. आज सर्व काही द्यायचे आणि कंटाळून महिन्याने हाकलायचे, यापेक्षा थोडे द्यावे पण रोज द्यावे. गावाला जायचे तर आठ दिवस आधी सांगावे, परत कधी येणार ते सांगावे आणि त्या वेळेला यावे. भांडण झाले तर "उद्या सकाळी चहाला ये, तेव्हा बोलू" म्हणावे. चहा मात्र खरोखर करावा. भाडे, पाणी, पाहुणे यांचे नियम तिलाही इतर मुलींसारखेच. सवलत दिली असती तर तिला तीही टोचली असती.

मरणाची भाषा निघाली तर घाबरून विषय बदलू नये. सरळ विचारावे, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने डोक्यात नसलेले येते ही समजूत खोटी आहे, असे या क्षेत्रातले जाणते लोक सांगतात. होय म्हणाली तर एकटी सोडू नये, उंदराचे औषध, झोपेच्या गोळ्या, ब्लेड आपल्या कपाटात कुलपात ठेवावे आणि त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे न्यावे. १४४१६ हा सरकारी टेलिमानस सेवेचा फोन ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला. तो रात्रंदिवस चालतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. मी स्वतः एकदा लावला आहे.

गेल्या सभेत पोलिसांची भीतीही निघाली होती. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, म्हणून घरमालक हात झटकत. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे तो धरून चालतो, आणि तिला शिक्षा नव्हे तर उपचार द्यायचे, हे सरकारचे कर्तव्य ठरवतो. जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या संहितेत ते जुने कलम उतरलेच नाही. शिवाय जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले आहे, की शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा. तेव्हा खोली देताना आपण मुलीला कॉलेजची पावती मागतो, तसे कॉलेजला समुपदेशक कोण आणि कोणत्या वारी असतात हेही विचारू शकतो.

त्या मुलीचे काय झाले, हे विचारायला काहीजणी थांबल्या आहेत, दिसते आहे मला. ती परीक्षा पास झाली, एक वर्ष उशिरा. नोकरीला आहे, दुसऱ्या गावात. सगळे गोड झाले असे नाही. दिवाळीत आली तेव्हा दोन दिवस हसतखेळत होती आणि तिसऱ्या दिवशी माझ्या सुनेच्या एका शब्दावरून रुसून बसली. पण पेटी भरली नाही. स्वतःच उठून फ्रिजमधून गार पाणी घेतले, गच्चीवर गेली, अर्ध्या तासाने खाली येऊन म्हणाली, "वहिनी, मला तुमचं बोलणं लागलं. पण आता ठीक आहे." माझ्या सुनेला हे एवढे मोठे काय ते कळले नाही. मला कळले.

ज्या भगिनींनी सूचना आणली त्यांचा मला राग नाही. परक्याच्या मुलीचे आपल्या घरात काही बरेवाईट झाले तर, ही धास्ती मीही तीन वर्षे उशाशी घेऊन झोपले आहे. पण ही सूचना मंजूर झाली तर एवढेच होईल, की पुढची मुलगी पुऱ्या बाह्या घालून येईल आणि तोंड मिटून राहील. म्हणून माझी उलट सूचना आहे. ज्या घरी मुली राहतात त्या घरच्या आपण सगळ्याजणींनी दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी एकत्र बसावे. एखादीवर भार फार झाला असेल तर त्या मुलीचा डबा, दवाखान्याची फेरी, एखादी रात्र दुसरीने घ्यावी. पहिला मंगळवार माझ्या घरी, दुपारी तीनला. आणि गेल्या महिन्यात जिला खोली सोडावी लागली, ती मुलगी सध्या मैत्रिणीच्या खोलीत चौथी म्हणून जमिनीवर झोपते आहे. माझी मागची खोली पंधरा तारखेला रिकामी होते. तिला मी निरोप धाडला आहे. तोपर्यंत तिचा डबा कोण देईल, एवढे आज ठरवून उठू या.